भरावावरचा पत्रा

भरावावर पत्रा बसवला तवा तिथं कोन कोन व्हतं ते आदी सांगते. नावं लिहीत न्हाई, नात्यानं सांगते. माझं मालक व्हतं. माझ्या सासूबाई व्हत्या, घराम्होरं बाजंवर बसल्याल्या. धाकला दीर व्हता, जाऊ व्हती, जावंच्या कडंवर तिची लेक. कालव्याचा पाटकरी व्हता. दाजी व्हतं, म्हंजी माझ्या ननंदेचा नवरा. त्येंची वाडी ह्याच कालव्यावर, आमच्या खाली कोसभर. सरपंच आलं व्हतं, पन ऊन लागतंय म्हनून जीपच्या आडाला सावलीत हुबं व्हतं. पुन्याहून आलेली मॅडम व्हती, शिकून नवीनच कामाला लागल्याली, आन् तिच्या संगं पत्रं उचलाया दोन गडी. आन् मी व्हते, हातात पान्याची कळशी घिऊन.

ह्यातलं मालक गेलं. सासूबाई गेल्या, दाजी गेलं. मॅडम कुठं असती ते मला ठावं न्हाई. जाऊ हाय, पन तिच्या म्होरं ही गोष्ट काढली की ती उठून आत जाती. मी दुसरीपतूर शिकल्याली, माझ्याच हातानं लिहिते, म्हनून जसं बोलते तसंच उतरतंय.

आमी मेंढरं राखनारी मानसं. माझं म्हायेर वडगाव रासाईच्या अंगाला, भीमेच्या काठी. लगीन झालं तवापासनं माझा संसार घोड्याच्या पाठीवर. शिरूरच्या माळावरनं निघायचं, भीमा उतरायची, दौंडाकडच्या काळ्या रानात यायचं. रानाला खत व्हावं म्हनून शेतकरी बोलवायचं, त्येंच्या रानात मेंढरं बसवायची, त्ये जवारी-बाजरी द्यायचं. चूल तीन दगडांची आन् रोज नवी. थोरला लेक मला बांधाच्या कडंला झाला आन् तिसऱ्या रोजी आमी पुढच्या गावाला निघालो. हे रडगानं म्हनून सांगत न्हाई. तसंच व्हतं समद्यांचं.

मंग कालव्याखाली ऊस वाढला. जिकडं तिकडं ऊस, मेंढरांनी जायचं कुठं? मेंढरांची खांड, म्हंजी कळप, कमी केली. सासऱ्यांनी कवातरी खुटबावच्या पलीकडं एक तुकडा घिऊन ठिवला व्हता, कालव्याच्या पायथ्याला. नव्वद सालाच्या पुढं आमी तिथं घर बांधलं. दगड मालकांनी आन् दिरानं आनलं, माती मी आन् जावंनं तुडवली. वर पत्रं. शेजारी दिराचं तसंच घर. पुढं भावकीतली आनखी दोन-चार घरं झाली, त्येला लोक वाडी म्हनाया लागलं. सासूबाई पयल्या दिवशी आत झोपल्या आन् सकाळी म्हनाल्या, "कुनीतरी अंगावर कोकराचं डालगं पालथं घातल्यावानी वाटतंय गं." पन मला लई बरं वाटलं. माझ्या चुलीची राख पयल्यांदा एका जागी साठली. भिताडाला खुंटी ठोकली आन् तिला पिशवी अडकवली, आन् दुसऱ्या दिशी पिशवी तिथंच. येवढ्याचं मला नवाल वाटायचं.

आता भराव म्हंजी काय ते सांगते. त्या जागी ओढा आडवा येतो. कालवा ओढ्यावरनं पल्याड न्यायचा म्हनून जुन्या काळी मातीचा उंच बांध घातल्याला, त्येच्या माथ्यावरनं कालवा जातो. त्यो भराव. पानी वर, आमी खाली. दारात हुबं ऱ्हायलं तर पानी दिसायचं न्हाई, नुसता गवताचा उतार दिसायचा, आन् पानी आपल्या डोक्याच्या वरनं जातंय. पायथ्याला बारमाही वल असायची. उन्हाळ्यात सुदिक. मी त्या वलीत मेथी लावायची. पान्याच्या कडंला आयुष्य गेलं पन पानी दारात आल्यालं तवाच बघितलं. देवाची किरपा वाटायची.

दोन हजार साल उलटून गेलं, त्येच्या पुढं ती जीप आली. मॅडम आदी सरपंचाच्या वट्यावर बसली व्हती म्हनं, नकाशा दाखवून समदं समजावून सांगितलं, च्या झाला. आमी हिकडं भरावापाशी वाट बघत. त्ये आलं तवा ऊन डोक्यावर आल्यालं. गड्यांनी भरावाच्या कडंला खड्डा काढला, काँक्रीटचा ठोकळा बसवला आन् त्येच्यावर त्यो पत्रा. एक पत्रा न्हाई, तीन. तीन पत्रं एकमेकाला भिडवून खोलीच्या कोपऱ्यावानी केल्यालं, तोंड आभाळाकडं. उन्हात असं चमकायचं की डोळं मिटावं लागायचं.

सासूबाईंनी बाजंवरनं इचारलं, "ह्यो देव कंचा म्हनायचा?"

मॅडम हसली. "देव नाही आजी, यंत्राचा भाग आहे. वर आभाळात उपग्रह फिरतो, तो याला बघतो."

दाजी म्हनलं, "त्येला वरनं समदं दिसतं का? मंग सरपंच जीपच्या सावलीला लपल्यात ते बी दिसलं आसंल."

सरपंच म्हनलं, "तुमचं ध्यान कामात ऱ्हाऊ द्या." समदी हसली.

मंग मॅडमनं इचारलं, "याच्यावर लक्ष कोण ठेवील?" मालक पुढं झालं. ती म्हनली, "आबा, जवळ जनावरं बांधू नका. मुलांना चढू देऊ नका. आत पालापाचोळा साचला तर तेवढा काढा. आणि पत्रा कुणी चोरून नेऊ नये."

"कोनाची टाप हाय," मालक म्हनलं.

तिनं भरावाकडं हात केला आन् म्हनली, "या भरावाची तब्येत कशी आहे ते आम्हाला यातून कळेल." येवढंच. कसं कळंल ते ती बोलली न्हाई. तसलाच दुसरा पत्रा दाजींच्या वाडीवर बसवायचा व्हता, गडी घाई करत व्हतं. माझ्या कळशीतलं पानी ती घटाघटा प्याली आन् जीपमधी बसली.

आता आमच्यातली एक रीत सांगावी लागती. आमच्या बिरोबाचं ठानं माळाच्या खालच्या अंगाला, काळ्या मातीत. देव म्हंजी हुबं दगड. काळी माती पावसात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती, तसं दगड दरसाल कलत्यात. देव कलला म्हंजी राखनाऱ्याचं ध्यान न्हाई असं आमच्यात मानत्यात. म्हनून जत्रंच्या आदी दगड उचलायचं. पहारी घालायच्या, खाली मुरूम आन् खडी ठासायची, वर परात ठिवून परातीत पानी वतायचं. पानी एका अंगाला गेलं तर अजून ठासायचं. पानी चौबाजूंनी सारखं झालं की भंडारा उधळायचा. ही राखन आमच्या घराकडं. सासऱ्यांनी केली, त्येंच्या मागं मालकांनी.

पयला पावसाळा गेला आन् पत्रा वाडीच्या अंगाला वाईच कलला. बोटभर. दुसऱ्या कुनाला दिसला बी नसता. मालकांना दिसला. त्येंचं जेवनात ध्यान लागंना.

"मॅडम आली तर काय म्हनंल? राखाया दिल्तं, ह्येंनी वाकडं करून ठिवलं."

मी म्हनलं, "तुमी कुठं केलं? जमिनीनं केलं."

"देव बी जमीनच कलवती. शिव्या राखनाऱ्यालाच बसत्यात."

जत्रंच्या आदी देवाचं दगड झालं तशा त्याच पहारी घिऊन मालक आन् दीर भरावावर गेलं. ठोकळा जड, दोघं घामानं भिजलं. खाली मुरूम ठासला. पल्याडच्या लिंबाच्या फांदीशी डोळा लावून मालकांनी उंची धरली. पयल्या दिवशी पत्र्याचं टोक त्या फांदीच्या बरुबर दिसायचं, तिथं आनून सोडलं. वर परात ठिवून पानी बघितलं. परात आमच्या घरातली, ज्यात मी भाकरी थापायची ती. शेवटाला चिमूटभर भंडारा. माघारी आलं तवा त्येंचं तोंड असं हसरं व्हतं, जसं काय लेकीचं लगीन लावून आलं.

तवापासनं दरसाल हेच. दरसाल मुरूम वाईच जास्त लागायचा. दीर म्हनायचा, "दादा, ह्ये खातंय किती!" मालक म्हनायचं, "काळी माती हाय. तिचं पोट मोठं."

दाजी आलं की मस्करी चालायची. दाजींच्या पत्र्याकडं कुनी बघत बी नव्हतं. त्येंची लुगडी-धोतरं त्येच्यावर वाळायची.

"पाव्हनं," दाजी म्हनायचं, "वहिनीनं कवा सांगितलं तर घरावरचा पत्रा ठोकत न्हाई तुमी, आन् सरकारच्या पत्र्याला आंघोळ घालता."

मालक म्हनायचं, "तुमच्या पत्र्यात तर कोंबडी खुडूक बसलीया म्हनं."

"बसू द्या की. सरकारी जागंत अंडी उबतील, पिल्लं नोकरीला लागतील."

मी च्या गाळता गाळता हसायची. त्ये दिवस आठवलं की मला अजून हसू येतं, आन् मंग हसू थांबतं.

दोन-तीन वर्सं अशी गेली. मंग एकदा दाजींच्या वाडीवर जीपा आल्या, एक न्हाई, तीन-चार. तिथला भराव खचतोय असं वरनं दिसलं म्हनं. पुढच्या महिन्यात मुरमाचं ट्रक सुरू झालं. रोलर आला, भराव रुंद केला, उताराला दगड बसवलं, पायथ्याला पान्याला वाट काढली. दाजींचा कडंचा ऊस ट्रकांनी तुडवला. दाजी आमच्याकडं येऊन आदळआपट करायचं, "माझ्याच मागं लागल्यात. तुमचा बरा, सरळ हुबा हाय. माझ्या मेल्या पत्र्यानं वरनं बघनाऱ्याला काय दाखवलं कुनास ठाऊक."

त्या कामावर मॅडम येत व्हती. एक दिवस जाता जाता आमच्या भरावापाशी जीप थांबवली. मालक पळतच वर गेलं, मी मागं. तिनं पत्र्याकडं बघितलं. आत एक काडी नव्हती.

मालकांनी इचारलं, "आमच्या भरावाचं कसं हाय मॅडम? वरनं काय म्हनत्यात?"

"तुमचं चांगलं आहे आबा. वर्षात थोडं खाली गेल्यासारखं दिसतं, पण परत आपल्या जागी येतं. काळी माती आहे, फुगणं-आकसणं चालायचंच." आन् जीपमधी बसताना म्हनली, "किती नीट ठेवलंय तुम्ही! सगळीकडं असं ठेवलं असतं तर."

मालक उतारावरनं खाली येताना दोनदा म्हनलं, "नीट ठिवलंय म्हनली." घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, दिराला सांगितलं, जावंला सांगितलं. मला गुळाचा च्या कर म्हनलं. आयुष्यात त्या मानसाला सायबाच्या तोंडनं चांगला शबुद तेवढाच मिळाला आसंल. त्योच मला आता सगळ्यात जास्त टोचतो.

मंग त्यो हिवाळा. गव्हाला पानी सुटल्यालं, कालवा काठोकाठ. सकाळी मी मेथी खुडाया पायथ्याला गेले. वलीत पाय घातला तर पानी व्हातंय. रोज नुसती वल असायची, झिरपा निवळ असायचा, त्या दिशी धार व्हती आन् धार गढूळ, मुरमाच्या रंगाची. म्या मालकांना हाक मारली. त्येंनी धार बघितली आन् उतार चढून वर गेलं. वरनं त्येंचा आवाज आला, तसा आवाज म्या कवा आयकला नव्हता.

"भाईर काढा! समद्यांना भाईर काढा!"

भरावाच्या माथ्यावर लांबच लांब चीर पडली व्हती. पाटकरी पानी बंद करायला पळाला. दिरानं सासूबाईंना बाजंसकट उचललं, दुसऱ्या अंगाला मी. जावंनं लेक घेतली. बाकीच्या घरांतली मानसं माळाकडं पळाली. मोठी मेंढरं धाकल्या लेकाबरुबर चरायला गेल्याली. न्हानी कोकरं तेवढी घराम्होरं डालग्याखाली झाकल्याली, कुत्र्यापासनं जपायची म्हनून आमी झाकतो तशी. मालक वरनं उतरलं आन् डालग्यांकडं पळालं. एक डालगं उचललं, दुसरं उचललं. मी माळावरनं वरडत व्हते, सोडा, सोडा. तिसऱ्याकडं जायच्या आत भराव बसला. मोठा आवाज बी झाला न्हाई. वलं घोंगडं जमिनीवर टाकावं तसा आवाज झाला, आन् मंग नुसतं पानी.

मालकांना पान्यानं ढकलून लिंबाला नेलं, म्हनून वाचलं. मानूस कुनी गेलं न्हाई. बाकीची कोकरं गेली, डालग्यासकट. घर हळूच खाली बसलं, म्हातारं मानूस बसतं तसं. आदी माझ्या खुंटीचं भिताड, मंग चुलीकडचं. दिराचं बी गेलं. दुपारी पानी वसरलं तवा आमच्या दारात मुरमाचा ढीग आन् त्येच्यावर कालव्यातलं मासं तडफडत व्हतं. सासूबाई म्हनाल्या, "बरं झालं, मला डालग्याखाली झोपवत नव्हतंच." त्या आमाला हसवाया बोलल्या. कुनी हसलं न्हाई.

पंचनाम्याला मानसं आली, त्येंच्यात मॅडम व्हती. ती खाली घराकडं आली न्हाई, आदी वर गेली. भराव तुटला तिथं कडंलाच पत्र्याचा ठोकळा अर्धा लोंबकळत व्हता. त्येच्या खालची माती कापल्यावानी उघडी पडली व्हती. मालक आन् मी मागनं गेलो. ती वाकून बघत व्हती. ठोकळ्याच्या खाली मुरूम, त्येच्याखाली खडी, परत मुरूम, परत खडी, थरावर थर. मधी मधी भंडाऱ्याची पिवळी रेघ.

"आबा, हे कुणी घातलं?"

"म्या. दरसाल घालतो."

"कशासाठी?"

"कलायचा त्यो. तुमचं काम, तुमी इस्वासानं सोपवल्यालं. सरळ नगं का?"

मॅडम तिथंच दगडावर बसली.  मंग तिनं आमाला समजंल असं सांगितलं. म्हनली, आभाळातला उपग्रह रडारचा किरण खाली सोडतो, तो या तीन पत्र्यांच्या कोपऱ्यात शिरतो आणि जसा आला तसाच माघारी जातो. महिनाभरानं उपग्रह परत याच रानावरून येतो, परत किरण सोडतो. तेव्हा अंतर किती आणि आत्ता किती, ते ताडून बघतात. भराव खचला तर पत्राही त्याच्यासोबत खाली जातो, आणि बोटाच्या पेराएवढा गेला तरी वर कळतं.

"खालच्या वाडीवरचा पत्रा दरवर्षी खाली जात होता, म्हणून तिथं काम झालं," ती म्हनली. "तुमचा दरवर्षी जागेवर यायचा. म्हणून हा भराव आम्ही दुरुस्तीच्या यादीत शेवटी ठेवला."

मालकांनी पत्र्याकडं बघितलं. "म्हंजी कलनं हेच त्येचं काम व्हतं."

"हो आबा."

"आन् म्या त्येला कलू दिलं न्हाई."

ती त्या पिवळ्या रेघंकडं बघत ऱ्हायली. मालक अगदी हळू म्हनलं, वरडून न्हाई, "मंग लेकी, बसवताना येवढंच सांगायचं व्हतं."

"सरपंचांच्या ओट्यावर सांगितलं होतं मी. सगळं सांगितलं होतं."

"आमी भरावापाशी व्हतो."

तिच्या डोळ्याला पानी आलं. म्हनली, "चूक आमची आहे. मी येते, वाडीतल्या सगळ्यांसमोर बसून सांगते, तुमचा यात दोष नाही म्हणून." तेवढ्यात खालनं मोठ्या सायबांनी हाक मारली आन् ती गेली. परत आली न्हाई. बदली झाली म्हनं, का नोकरीच सुटली, पाटकऱ्यालाबी नीट ठावं नव्हतं. मला तिचा राग न्हाई. पन ती यायला पायजे व्हती.

कारन वाडीत त्येच सुरू झालं. आदी दबक्या आवाजात, मंग तोंडावर. जाऊ म्हनली, "भावजींना देव करायचा व्हता पत्र्याचा. आमची घरं निवदाला गेली." दिरानं तिला गप केलं न्हाई. पहार त्येनंबी धरली व्हती, पन त्यो हळूहळू असा बोलाया लागला जसं काय त्यो तिथं नव्हताच. भाऊ भावाशी बोलायचा थांबला. दाजी मात्र आलं. जवारीचं पोतं घिऊन आलं, मालकांच्या शेजारी बसलं, तंबाखू मळली, अर्धी त्येंना दिली. कोंबडीचं न्हाई, पिल्लांचं न्हाई, एक शबुद मस्करीचा न्हाई. दाजींना मस्करीवाचून बसल्यालं म्या तेवढंच एकदा बघितलं.

मी मालकांना सांगायची, "भराव तुमी न्हाई खचवला. त्यो खचतच व्हता. पायथ्याला वर्सानुवर्सं वल व्हती, ती कुनाला दिसली न्हाई? जीपा काय कमी आल्या?"

त्ये म्हनायचं, "व्हय, खचत व्हता. पन त्यो सांगत व्हता. म्या आयकू दिलं न्हाई कुनाला."



थोरला लेक शिक्रापूरला कंपनीत लागला व्हता, भाड्याच्या खोलीत ऱ्हायचा. त्येनं आमाला तिकडं नेलं. मेंढरं इकली. खोली रस्त्याच्या कडंला, दिवसरात ट्रक. ट्रक गेला की भिताड थरथरायचं आन् मालक भिताडाला हात लावून बसायचं. सुनंनं देवाचा फोटू लावला, त्यो एका अंगाला कलला व्हता. सून म्हनली, "मामा, वाईच सरळ करता का? तुमचा हात पोचतो." त्येंनी फोटूकडं बघितलं आन् उठून जिन्यावर जाऊन बसलं. मीच केला सरळ.

पुढं सरकारनं माळावर जागा दिली, आमी माघारी आलो, परत चार भिताडं हुबी केली. पन जत्रंच्या आदी देवाचं दगड उचलायची येळ आली तवा मालकांनी पहार दिराच्या हातात दिली. म्हनलं, "आता तूच बघ." दिरानं घेतली. तेवढंच त्येंचं बोलनं झालं. मालक बाजूला बसून ऱ्हायलं. परातीत पानी वतलं तवा त्येंनी मान फिरवली. खालच्या रस्त्यानं जीप गेली की मात्र सावरून बसायचं, टोपी नीट करायचं. जीप निघून जायची. शेवटचं आजारपन तापाचं व्हतं, त्यातबी गाडीचा आवाज आला की माझ्याकडं बघायचं. मी म्हनायची, "न्हाई, दुसरीच हाय." मला एकदा तरी खोटं बोलता आलं असतं. म्हनता आलं असतं, आली व्हती मॅडम, समद्यांना सांगून गेली. म्हनाया पायजे व्हतं का, ते मला अजून कळत न्हाई.

आता भराव नवा हाय. दोन शेरडं हायेत माझी, त्येंना घिऊन मी तिकडं जाते. भरावावर परत एक तीन पत्र्यांचा कोपरा हाय, आता लोखंडी खांबावर. कवा बसवला आमी बघितला न्हाई, कुनी सांगाया बी आलं न्हाई. कुनाला राखाया सोपवला तेबी ठावं न्हाई. पोरं चढत्यात, मी हाकलते.

आन् पायथ्याला, जिथं माझं घर व्हतं त्येच्या वाईच पल्याड, वीटभट्टीवरच्या मानसांनी झोपड्या घातल्यात. लांबच्या मुलखातली, हिंदी बोलनारी. त्येंच्यातली एक बाई वलीत कोथमीर लावती. म्या तिला सांगितलं, "इधर मत रव्हो. ऊपर पानी है." ती हसली आन् म्हनली, "पानी है इसलिए तो बैठे हैं, माई."  माझंबी असंच व्हतं.

दोन पावसाळं झालं, त्यो पत्रा कललाय. झोपड्यांच्या अंगाला, बोटभर. माझ्या डोळ्यांना कमी दिसतं, पन येवढं दिसतं. लोक म्हनत्यात, वरनं दिसत आसंल त्येंना, तुमी कशाला काळजी करता. आसंल दिसत. तवाबी वरनं बघतच व्हतं. मी जवळ जाते, हात पदरात गुंडाळून हुबी ऱ्हाते आन् माघारी येते.

हे वाचनाऱ्या दादा, ताई, तुमच्या वळखीचं कुनी त्या कामात आसंल तर येवढा निरोप द्या. पत्रा कललाय. आमी कुनी हात लावल्याला न्हाई. एकदा पायानं येऊन भराव बघून जावा, आन् खाली त्या बाईला तिच्या बोलीत सांगून जावा.